तोतया, हुंडी आणि संकेतांक : ओळखीच्या अपहाराचा ऐतिहासिक विचार

१. विषयप्रवेश

मराठीत 'ओळख' हा एकच शब्द दोन अर्थांनी योजिला जातो. दोन माणसांची ओळख आहे म्हणजे त्यांचा परिचय आहे. आणि एखाद्याची ओळख पटली म्हणजे तो स्वतःस जो म्हणवितो तोच आहे, अशी पाहणाऱ्याची खात्री झाली. हे दोन अर्थ एका शब्दात एकत्र राहिले, यामागे समाजस्थितीचे कारण आहे. ज्या समाजात प्रत्येक जण प्रत्येकास चेहऱ्याने, घराने व कुळाने जाणतो, तेथे परिचय हाच पुरावा असतो. परिचयाचे क्षेत्र ओलांडून व्यवहार वाढू लागला की मात्र या दोन अर्थांची फारकत होते. मग माणसाऐवजी त्याचे पत्र, शिक्का, निशाणी, अंगठा किंवा आकडा पुढे येतो, आणि जो ती खूण हस्तगत करील तो त्या माणसाच्या जागी उभा राहू शकतो.

अलीकडील काळात 'फिशिंग' या नावाने ओळखली जाणारी फसवणूक आणि संगणकीय जाळ्यावरील ओळखीची चोरी हे या जुन्या प्रश्नाचे नवे रूप होय. बँकेच्या, सरकारी खात्याच्या किंवा ओळखीच्या मनुष्याच्या नावाने खोटा संदेश पाठवून माणसाकडून त्याचे गुप्त संकेतांक काढून घेणे आणि त्यांच्या बळावर त्याच्या नावाने व्यवहार करणे, असे तिचे थोडक्यात वर्णन करता येईल. हे संकट केवळ यंत्रामुळे उद्भवले, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो कितपत ग्राह्य आहे, हे उत्तर कोकणातील व महाराष्ट्रातील काही प्रसंगांच्या आधारे पाहण्याचे प्रस्तुत निबंधात योजिले आहे. विशेषतः, ओळख पटविण्याची जबाबदारी निरनिराळ्या काळी कोणाच्या शिरावर होती, हा प्रश्न येथे मुख्य मानला आहे.

२. मनोरी आणि धारावी बेट

मुंबई उपनगर जिल्ह्याच्या वायव्य कडेला, मार्व्याच्या समोर खाडीपलीकडे मनोरी हे गाव आहे. मनोरी, गोराई व उत्तन ही गावे ज्या पट्ट्यावर वसली आहेत त्यास जुन्या कागदांत धारावी बेट म्हणत. आजच्या दाट वस्तीच्या धारावीशी त्याचा संबंध नाही. १५३४ च्या वसईच्या तहानंतर हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. १७३९ च्या वसई मोहिमेत या बेटासाठी मोठा झगडा होऊन ते मराठ्यांच्या ताब्यात आले. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला घेऊन इंग्रजांनी साष्टीवर अंमल बसविला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो कायम झाला. म्हणजे अडीचशे वर्षांच्या आत या किनाऱ्याने तीन राजवटी पाहिल्या. राजवट बदलली की तिचे शिक्के, तिची दप्तरे व तिची भाषा बदलते. परंतु गावात कोण कोणाचा, कोणाचे शेत कोठवर, कोणाची होडी कोणती, याची माहिती गावकऱ्यांच्या स्मरणात राहते.

या गावांतील कोळी, आगरी, भंडारी व ख्रिस्ती लोकांच्या जीवनात परिचय हीच ओळख होती. तथापि परिचयाबाहेरच्या जगाशी संबंध येताच नावाचा प्रश्न कसा निर्माण होतो, याचे एक उदाहरण येथेच मिळते. उत्तर कोकणातील मराठीभाषी ख्रिस्ती लोकांस इंग्रजी अमदानीत पोर्तुगीज ख्रिस्ती म्हणण्याचा प्रघात होता. मुंबईत नोकरीसाठी येणाऱ्या गोमंतकीय ख्रिस्ती लोकांपासून आपला वेगळेपणा सरकार दरबारी नोंदला जावा, म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास पन्नास वर्षे झाल्याच्या प्रसंगी, त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. नाव हे केवळ नाव नसून त्यात उपजीविकेचा हक्क साठविलेला असतो, हे या समाजाने ओळखले होते. ओळखीचा अपहार का केला जातो, याचे उत्तरही त्यातच आहे. कोणी कोणाचे नाव चोरीत नाही. त्या नावामागील हक्क चोरले जातात.

३. भाऊसाहेबांचा तोतया

महाराष्ट्राच्या इतिहासातील ओळखीच्या अपहाराचे सर्वांत मोठे प्रकरण म्हणजे सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचे होय. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणात भाऊसाहेब पडले. रणांगणावर त्यांचे शव सापडून त्याचा अग्निसंस्कार झाल्याचे वृत्तांत असले, तरी ते शव ओळखण्याविषयी संशयास जागा राहिली होती. पुण्यास त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पतिनिधनाची वार्ता मानली नाही व वैधव्य स्वीकारले नाही. जेथे मृत्यूची खात्री नाही आणि परत येण्याची आशा प्रबळ आहे, तेथे तोतयास लागणारी भूमी आयतीच तयार असते.

पुढे काही वर्षांतच बुंदेलखंडाकडे आपण भाऊसाहेब आहोत असे सांगणारा एक इसम प्रकट झाला. तो सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण असल्याचे मागाहून निष्पन्न झाले. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत त्यास पुण्यास आणून चौकशी करण्यात आली व तो तोतया ठरला. माधवरावांनी त्याचा प्राण न घेता त्यास किल्ल्यात कैदेत ठेविले. प्रकरण तेथेच संपावयाचे. परंतु माधवरावांचा मृत्यू, नारायणरावांचा वध आणि राघोबादादांमुळे ओढवलेले इंग्रजांशी युद्ध यांमुळे राज्याची घडी विस्कटली. १७७६ च्या आरंभी तोतया रत्नागिरीच्या किल्ल्यात होता. ज्याच्या हाती त्याचा पहारा होता, त्या रामचंद्र नाईक परांजपे यांनीच त्यास भाऊसाहेब म्हणून पुढे केले. पाहता पाहता कोकणातील अनेक किल्ले त्याच्याकडे वळले, हजारोंची फौज जमा झाली आणि तो घाट चढण्याच्या तयारीने राजमाचीपर्यंत आला. अखेर महादजी शिंदे आदी सरदारांनी त्याचा मोड केला. समुद्रमार्गे निसटून जाण्याच्या बेतात असता कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांनी त्यास धरले. पुण्यास पुनश्च चौकशी होऊन डिसेंबर १७७६ मध्ये त्यास देहान्त शासन झाले. न. चिं. केळकर यांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक याच प्रसंगावर रचिले.

या प्रकरणाचे पृथक्करण केले असता चार गोष्टी हाती लागतात. पहिली, तोतयाचे बळ त्याच्या रूपसादृश्यात फारसे नव्हते. ते पाहणाऱ्याच्या आशेत व भीतीत होते. भाऊसाहेब परत यावेत असे ज्यांस मनापासून वाटत होते, त्यांनी त्याच्यातील उणिवा स्वतःच भरून काढल्या. दुसरी, त्याने घरातल्या व दरबारातल्या गोष्टींची माहिती पैदा केली होती, आणि खाजगी माहिती सांगतो तो खराच असणार, असे लोक समजत. तिसरी, आतील मनुष्य फितूर झाल्यावाचून त्याचे बंड उभे राहिले नसते. चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची, गोंधळाचा काळ त्यास मानवला. जो इसम शांततेच्या काळात चौकशीस टिकला नाही, तोच घाईच्या व धास्तीच्या काळात किल्ल्यांचे दरवाजे उघडवू शकला. त्याची ओळख एकदा तपासून निकाली निघाली होती, ही गोष्ट लोक विसरले नव्हते. पण पुन्हा तपासण्यास कोणाला उसंत नव्हती.

तोतयाच्या देहान्तानंतरही पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. १७८३ मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत त्या सौभाग्यचिन्हे धारण करूनच होत्या. कारभाऱ्यांच्या दृष्टीने हे प्रकरण राज्यावरील संकट होते. त्यांच्या दृष्टीने ते काय असेल, याची नोंद दप्तरात मिळावयाची नाही. फसवणुकीत गेलेले द्रव्य मोजता येते. गेलेला विश्वास मोजता येत नाही.

४. मोर्तब, महजर आणि हुंडी

प्रत्यक्ष माणसाचा तोतया हा प्रकार विरळा. कागदाचा तोतया मात्र नित्याचा. म्हणून मराठी राज्यात पत्र खरे की बनावट, हे ठरविण्याची एक रीत पडलेली होती. राजपत्राच्या माथ्यावर मुद्रा असे, मजकूर संपला तेथे मोर्तब असे, म्हणजे खाली कोणी अधिक ओळ घुसडू नये. पत्र निरनिराळ्या दप्तरांतून जाताना तेथील नोंदीच्या खुणा त्यावर होत. केवळ वरचा शिक्का पाहून भागत नसे. ज्या दप्तरात नक्कल असावयास हवी तेथे ती आहे की नाही, हे पाहिले जाई.

वतनाचा तंटा पडला म्हणजे गोतसभा भरे. देशमुख, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार अशा सर्वांसमक्ष चौकशी होऊन महजर लिहिला जाई, आणि ज्यास लिहिता येत नसे तो आपल्या व्यवसायाची निशाणी करी. कुणब्याची निशाणी नांगर, ही तर सर्वपरिचित आहे. या पद्धतीचे मर्म असे की, एका माणसाची ओळख पटविण्यासाठी अनेक जण आपली पत पणास लावीत. खोटी साक्ष देणाऱ्यास त्याच गावात राहावयाचे असे.

याहूनही सूक्ष्म विचार सावकारी पेठेत झालेला आढळतो. हुंडीचे अनेक प्रकार होते. त्यांत शहाजोग हुंडी विशेष लक्षणीय आहे. अशा हुंडीचे पैसे कोणाही धारकास न देता 'शहा'स, म्हणजे पेठेत प्रतिष्ठित व माहितगार अशा आसामीसच द्यावयाचे असत. हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली, तर ज्या शहाने ती सादर करून पैसे घेतले त्यासच ते परत करावे लागत. याचा अर्थ असा की, हुंडी घेऊन आलेल्या अनोळखी मनुष्याची चौकशी शहा स्वतःच्या धोक्यावर करी. हुंडी गहाळ झाल्यास दुसरी प्रत म्हणून पेठ व तीही हरवल्यास परपेठ लिहून दिली जाई, आणि एकदा पटलेली हुंडी खोका म्हणून बाजूस ठेविली जाई, म्हणजे तिच्यावर पुन्हा पैसे उचलले जाऊ नयेत.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. एक, या सर्व व्यवस्थांतही लबाडी होतच असे. १८५२ च्या कायद्यान्वये काम करणाऱ्या इनाम कमिशनपुढे सनदांच्या खरेखोटेपणाचाच प्रश्न उभा राहिला. पुढे मुद्रांकाचा कागद आला, तरी खूण कितीही भारी केली तरी ती नकलता येतेच, हे बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या अब्दुल करीम तेलगी याच्या बनावट मुद्रांकांच्या प्रकरणाने दाखवून दिले. दुसरी गोष्ट अशी की, लबाडी झाली असता तिचा भार कोणी सोसावयाचा, हे जुन्या पेठेत आधीच ठरलेले होते. तो भार प्रायः दाराशी उभ्या असलेल्या जाणत्या माणसावर पडे.

५. अंगठा आणि कायदा

इंग्रजी अमदानीत राज्यकर्ता व रयत यांच्यात परिचयाचा संबंध उरला नाही, तेव्हा ओळख माणसाच्या शरीरातच शोधण्याचा प्रयत्न झाला. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल याने एका स्थानिक मक्तेदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे १८७७ च्या सुमारास हुगळी येथे असता त्याने निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे व दस्त नोंदविणाऱ्यांचे बोटांचे ठसे घेण्याचा क्रम सुरू केला. मयत पेन्शनदाराच्या नावाने दुसऱ्याच कोणी पैसे उचलावेत, हा प्रकार थांबविणे हा त्यामागील एक हेतू होता. १८९७ साली कलकत्त्यास ठशांचे जे कार्यालय स्थापन झाले, ते जगातील पहिले मानले जाते. त्या पद्धतीच्या वर्गीकरणात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. सारांश, ओळखीच्या चोरीवरील जगभर मान्य झालेला उपाय प्रथम याच देशात, आणि पेन्शनीच्या तोतयांच्या धास्तीने, रूढ झाला.

कायद्यानेही तोतयेगिरीची दखल घेतली. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४१६ मध्ये दुसऱ्याचे सोंग घेऊन केलेल्या फसवणुकीची व्याख्या केली होती, व ज्याचे सोंग घेतले तो मनुष्य खरा असो वा काल्पनिक, गुन्हा सारखाच, असे स्पष्ट केले होते. कलम ४१९ अन्वये त्यास ३ वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ मध्ये ही मर्यादा ५ वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. संगणकीय व्यवहारांसाठी २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा झाला. तथापि दुसऱ्याचा संकेतशब्द किंवा ओळखचिन्ह वापरणे आणि संगणकाच्या साह्याने तोतयेगिरी करणे यांची स्वतंत्र कलमे, ६६ सी व ६६ डी, २००८ च्या दुरुस्तीने आली व ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली. मधल्या काळात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली नॅसकॉम या संस्थेच्या दाव्यात फिशिंग हे कृत्य बेकायदेशीर ठरविले होते, हे नमूद केले पाहिजे.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी आणखी एक संबंध आहे. आधार योजनेतील पहिले क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देण्यात आले. ज्यांच्यापाशी कागद नव्हता त्यांस कागदावाचून ओळख मिळावी, हा त्यामागील हेतू निःसंशय मोलाचा होता. परंतु हर्शेलचा अंगठा येथे पुन्हा निराळ्या रूपात भेटतो. देशातील काही राज्यांत नोंदणी झालेल्या खरेदीखतांवरील अंगठ्यांचे ठसे उतरवून, त्यांचे सिलिकॉनचे साचे करून, आधाराशी जोडलेल्या खात्यांतून पैसे काढल्याची प्रकरणे उघडकीस आली. जो ठसा तोतयास अडविण्यासाठी दस्तावर आला, तोच दस्त सार्वजनिक होताच तोतयाच्या उपयोगी पडला. संकेतशब्द चोरीस गेला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. म्हणूनच आधाराधारित ओळख 'कुलूप' लावून बंद ठेवण्याची सोय पुढे करावी लागली.

६. गळ आणि डोल

'फिशिंग' हा शब्द इंग्रजीतील मासेमारीच्या शब्दावरून, त्याचे आद्याक्षर बदलून, १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत रूढ झाला. 'अमेरिका ऑनलाइन' या सेवेच्या ग्राहकांस, आपण त्या कंपनीचेच कर्मचारी आहोत असे भासवून, संकेतशब्द विचारणे हा त्याचा आरंभीचा प्रकार. मनोरी व उत्तनच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांस या उपमेतील भेद चटकन उमगावा. गळ एका माशासाठी असतो, त्यास आमिष लावावे लागते. डोल जाळे मात्र प्रवाहात खुंटावून ठेवलेले असते. भरती-ओहोटीच्या ओढीने जे येईल ते त्यात येते. लाखो लोकांस एकच संदेश पाठविणे ही डोल होय. एकाच माणसाची माहिती मिळवून त्याच्या नावानिशी केलेला फोन हा गळ होय. पहिल्यात फसणाऱ्यांचे प्रमाण अत्यल्प असले तरी चालते, कारण संदेश पाठविण्यास खर्च जवळजवळ नाही.

महाराष्ट्रातील तीन प्रकरणे या दृष्टीने बोधप्रद आहेत. २००५ साली पुण्यातील एका कॉल सेंटरच्या काही कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतील बँक-ग्राहकांशी बोलताना त्यांचा विश्वास संपादून गुप्त क्रमांक मिळविले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्याकडील खात्यांत वळविले. येथे कोणतेही यंत्र फोडण्यात आले नव्हते. ज्यांच्या हाती पहारा होता तेच फितूर झाले होते, आणि रत्नागिरीच्या किल्ल्याची आठवण येथे अपरिहार्यपणे होते.

दुसरे प्रकरण मनोरीच्या अगदी निकटचे आहे. मनोरीहून उत्तनमार्गे भाईंदरकडे जो रस्ता जातो, त्याच्या टोकापासून मीरा रोड फार दूर नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथे रात्रभर, म्हणजे अमेरिकेतील दिवसा, तरुण मुले-मुली अमेरिकन नावे धारण करून तेथील नागरिकांस फोन करीत. आपण कर खात्याचे अधिकारी आहोत, आपणाकडे कर थकला आहे, तत्काळ भरणा न केल्यास पोलीस दाराशी येतील, असा मजकूर त्यांस लिहून दिलेला असे. घाबरलेल्या माणसास दुकानात जाऊन भेटकार्डे विकत घेण्यास व त्यांवरील आकडे फोनवर वाचून दाखविण्यास सांगितले जाई. सुमारे ७० जणांस अटक झाली व शेकडो कर्मचाऱ्यांची चौकशी झाली. भाऊसाहेबांचा तोतया एक होता. येथे तोतयेगिरीची पाळ्या लावून चाललेली कचेरीच होती, तीत वेतन होते, शिकवणी होती आणि जादा वसुलीस बक्षीसही होते. फसविणारा आणि फसणारा यांची एकमेकांशी ओळख होण्याचा संभवच नसल्यामुळे, आपण कोणा वृद्धाची पुंजी घेत आहोत ही जाणीवही बोथट होत असावी.

तिसरे प्रकरण पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे. ऑगस्ट २०१८ मध्ये अवघ्या तीन दिवसांत या बँकेतून ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम गेली. कार्डावर पैसे द्यावेत की नाही, असे एटीएम यंत्रणा बँकेच्या ज्या केंद्राला विचारते, त्या केंद्राचाच एक तोतया चोरट्यांनी मधे उभा केला होता. तो प्रत्येक विचारणेस 'होय' असे उत्तर देत होता. बनावट कार्डे वापरून २८ देशांतील यंत्रांमधून सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये काढण्यात आले. देशांतर्गतही अडीच कोटी गेले. आणि पुढे जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात पाठविण्यात आले. येथे सोंग कोणा माणसाचे नव्हते; खुद्द बँकेचेच होते. खऱ्या-खोट्याचा निवाडा करणाराच तोतया असेल, तर खूण दाखविणाऱ्याने काय करावे?

७. तोतया न्यायासन

हा प्रश्न अलीकडे अधिकच तीव्र झाला आहे. पोलीस, केंद्रीय अन्वेषण विभाग किंवा सीमाशुल्क खाते यांच्या नावाने दूरदृश्य संवाद साधावयाचा, तुमच्या नावाच्या टपालात अमली पदार्थ सापडले किंवा तुमच्या आधार क्रमांकावर गुन्ह्याचे खाते उघडले गेले असे सांगावयाचे, आणि दिवसेंदिवस त्या माणसास पडद्यापुढून हलू न देता त्याची ठेव काढून घ्यावयाची, या प्रकारास 'डिजिटल अटक' असे नाव पडले आहे. मुंबई पोलिसांचे नाव यात वारंवार वापरले जाते. असल्या अटकेस भारतीय कायद्यात कोणतेही स्थान नाही. २०२४ साली लुधियानातील एका ज्येष्ठ उद्योगपतीस सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी पडद्यावर दाखवून ७ कोटी रुपये घेण्यात आले. १७७६ मध्ये न्यायसभेने तोतयास उघडे पाडले. येथे न्यायसभाच तोतयाने उभारली.

या फसवणुकीत सापडणारे लोक अडाणी असतात, ही समजूत या प्रकरणांनी खोटी ठरविली आहे. निवृत्त अधिकारी, वैद्य, प्राध्यापक यांची नावे तक्रारदारांत आढळतात. कायद्याची भीती कायदा मानणाऱ्यासच अधिक वाटते. तोतयाचे आमिष पूर्वी आशा हे होते. आज आशेइतकेच भय हेही आमिष आहे. आणि दोहोंतही विचार करण्याची उसंत हिरावून घेणे, हीच मुख्य युक्ती आहे.

बळी पडलेल्या माणसाची पुढील स्थिती अधिक शोचनीय असते. गेलेल्या पैशाबरोबरच आपण मूर्ख ठरलो ही लाज त्यास खाते, आणि तो तक्रार करण्यास विलंब लावतो. वस्तुतः पैसे परत मिळण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. याच हेतूने राष्ट्रीय तक्रार संकेतस्थळ २०१९ साली, व पैसे मध्येच रोखण्यासाठीची दूरध्वनी सेवा, जिचा क्रमांक पुढे १९३० झाला, सुरू करण्यात आली.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, ओळखीचा अपहार यंत्राने जन्मास घातलेला नाही. अनिश्चितता, खाजगी माहितीची फूट, आतील फितुरी आणि लादलेली घाई ही त्याची अंगे १७७६ मध्येही पूर्णपणे विद्यमान होती. यंत्राने बदलले ते दोन बाबतींत. एक, अंतर नाहीसे झाले. मनोरीच्या माणसास मालाडला जावयाचे तर आजही मार्व्याची नौका धरावी लागते. तोतयास मात्र खाडी ओलांडावी लागत नाही. दुसरी बाब, संख्या वाढली. कोकणात एक तोतया उभा राहावयास पानिपतासारखा प्रसंग घडावा लागला. आज त्यास एक दूरध्वनी पुरेसा होतो.

परंतु खरा पालट याहून निराळा आहे. गोतसभेत ओळख पटविण्याचा भार अवघ्या गावावर असे. शहाजोग हुंडीत तो शहावर असे. भाऊसाहेबांच्या प्रकरणात तो दरबाराने उचलला. आजच्या व्यवस्थेत मात्र हा भार बहुतांशी एकट्या ग्राहकावर येऊन पडला आहे. आपला संकेतांक कोणास सांगू नका, या सूचनेत जेवढी सावधगिरी आहे तेवढीच, सांगितल्यास दोष तुमचा, अशी पूर्वसूचनाही आहे. चोरीचे पैसे ज्या भाड्याच्या खात्यांतून पुढे सरकतात, ती खाती कोणत्या ना कोणत्या बँकेने ओळख पटवूनच उघडलेली असतात. जुन्या पेठेत अशा खातेदारास पुढे करणारा शहा जबाबदार धरला गेला असता.

या दिशेने काही पावले पडली आहेत, हेही नोंदविले पाहिजे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, ग्राहकाचा वा बँकेचा दोष नसताना व्यवस्थेत अन्यत्र घडलेल्या फसवणुकीची वर्दी तीन कामकाजाच्या दिवसांत दिल्यास ग्राहकावर बोजा पडू नये, असे ठरविले. तथापि ज्याने फसून स्वतःच संकेतांक सांगितला, तो वर्दी देईपर्यंतचे नुकसान त्याचेच मानले गेले, आणि फिशिंगचे बळी प्रायः याच वर्गात मोडतात. बँकांनी आपली संकेतस्थळे 'बँक डॉट इन' या राखीव नावाखाली ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आणावीत, असा आदेश तिने दिला. हे नाव बँकेवाचून इतरांस मिळत नाही, म्हणजे ती एक प्रकारची मोर्तबच होय. मात्र मोर्तब पाहावयाची कोठे, हे रयतेस ठाऊक असेल तरच तिचा उपयोग.

मुद्रा, महजर, अंगठा, आधार आणि संकेतांक या प्रत्येक खुणेने काही काळ तोतयास रोखले, आणि प्रत्येक खूण पुढे त्याच्या हाती लागली. यापुढील खुणेचेही तसे होणार नाही, असे मानण्यास इतिहासात आधार नाही. टिकून राहिलेली गोष्ट एकच दिसते : संशय आला असता थांबून दुसऱ्या जाणत्यास विचारणे, आणि ज्यास विचारले त्याने त्या उत्तराची जबाबदारी घेणे. मराठीने 'ओळख' या एका शब्दात परिचय व पुरावा एकत्र ठेविले. व्यवहारात ते वेगळे झाले आहेत. पुरावा सांभाळण्याचे काम यंत्राकडे गेले असले, तरी परिचयाचे काम माणसांनी आणि त्यांच्या संस्थांनी सोडून दिले, तर दाराशी उभा असलेला भाऊसाहेब खरा की खोटा, हे विचारावयास कोणीच उरणार नाही.